०-८-४ : पुढे मोकळं चाक नसलेलं इंजिन आणि बार्शी लाइट

वाफाळ (धागाकर्ता)

वाफेच्या इंजिनांवर इथे बऱ्याचदा बोलणं होतं, पण ते फिरून फिरून २-८-२ आणि ४-६-२ वर येऊन थांबतं. साहजिक आहे, भारतभर तीच धावली. मला आज लिहायचंय ते एका विरळ मांडणीवर. ०-८-४. जगात फार थोड्या रेल्वेंनी ती वापरली, आणि त्या थोड्यांमध्ये आपली बार्शी लाइट, म्हणजे बार्शीची छोट्या रुळांची रेल्वे, आहे. म्हणून मला तिच्याबद्दल जरा जास्त माया आहे, हे आधीच सांगून टाकतो.

ज्यांना आकड्यांची सवय नाही त्यांच्यासाठी : पहिला आकडा पुढच्या मोकळ्या चाकांचा, मधला साइड रॉडनं एकमेकांना जोडलेल्या चाकांचा, शेवटचा मागच्या मोकळ्या चाकांचा. दोन्ही बाजूंची चाकं मोजायची. फ्रेडरिक व्हाइट या अमेरिकन रेल्वे अभियंत्यानं १९०० च्या सुमारास ही पद्धत मांडली आणि आपल्याकडेही तीच रुळली. तर ०-८-४ म्हणजे पुढे मोकळं चाक नाही, मध्ये आठ जोडचाकं, मागे चार चाकांची बोगी, म्हणजे चाकांची फिरती चौकट. माझ्या माहितीतली या मांडणीची इंजिनं टाकीवाली आहेत. पाणी आणि कोळसा इंजिनाच्याच अंगावर, टेंडर म्हणजे मागे जोडलेला कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नाही.

चित्र डोळ्यासमोर आणा. पुढे बफर, त्यामागे लगेच सिलिंडर आणि पहिलं जोडचाक. नाक एकदम आखूड. सगळा पसारा मागे : केबिन, कोळशाची पेटी, आणि तिच्याखाली बोगी. पहिल्यांदा फोटो पाहिला तेव्हा मला वाटलं इंजिन उलटं उभं केलंय.

आता बार्शी. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची मुख्य लाइन सोलापूरकडे गेली ती बार्शीला बाजूला ठेवून. बार्शी कापसाची मोठी पेठ, पण स्टेशन वीस-बावीस मैलांवर. त्या स्टेशनाचं नावही बार्शी रोड होतं, आजचं कुर्डुवाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता १८८२ मध्ये जीआयपीत नोकरीला आला होता. हे मधलं अंतर छोट्या रुळांनी जोडायचं त्यानं मनावर घेतलं. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली आणि १८९७ मध्ये बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. रुंदी अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर.

कॅलथ्रॉपनं सगळा हिशेब रुळापासून सुरू केला. रूळ घेतला यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला साधारण १५ किलो. आज आपल्या मुख्य मार्गांवर मीटरला ६० किलोचा रूळ असतो, त्याच्या चौथाई. एवढा बारीक रूळ एका आसावर ५ टन पेलेल असं धरून त्यानं नियम घातला : या लाइनीवर जे काही धावेल, इंजिन असो, डबा असो, वाघीण म्हणजे मालडबा असो, त्याच्या कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येणार नाही.

या एका नियमातून ०-८-४ जन्माला आली. लीड्सच्या किटसन कंपनीनं ती बांधली. कसं ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, हा आधीच लांबलाय.

गणूमास्तर

सुंदर विषय. पुढचं लवकर लिहा. तोवर एक शंका. ५ टनांची मर्यादा आहे, तर इंजिन हलकंच करावं लागणार. मग त्याच्यात ओढायची ताकद कुठून येणार?

वाफाळ

गणूमास्तर, नेमकी तिथेच गोम आहे.

इंजिन किती ओढेल हे शेवटी चाक रुळाला किती घट्ट धरतं यावर ठरतं. सिलिंडर कितीही मोठा करा, चाक जागच्या जागी गरागरा फिरलं तर उपयोग शून्य. कोरड्या रुळावर ढोबळमानानं जोडचाकांवरच्या वजनाच्या चौथाई ओढ मिळते. आसावर ५ टन ही हद्द ठरली की वजन वाढवायचा मार्ग एकच, जोडलेले आस वाढवणं.

तीन आस जोडले तर १५ टन, ओढ पावणेचार टनांची. चार जोडले तर २० टन, ओढ ५ टनांची. शंभराला एक (शंभर फुटांत एक फूट) चढावर प्रत्येक टन १० किलोनं मागे खेचतो, वर घर्षणाचे पाच-सहा किलो धरा. म्हणजे टनाला १६ किलो. ५००० भागिले १६, तीनशेच्या थोडं वर. त्यातून इंजिनाचे ३० वजा केले तरी पावणेतीनशे टनांची गाडी निघते. हा कागदावरचा हिशेब आहे. पाऊस, दव, रुळावरचा पाला यांनी तो खाली येतो. तरीही ज्या रुळाला आपण खेळण्यातला म्हणू त्याच्यावर पावणेतीनशे टन.

झाले चार आस. आता कोळसा, पाणी, केबिन कुठे ठेवायचं? जोडचाकांवर ठेवलं तर ५ टन ओलांडतात. म्हणून मागे आणखी दोन आसांची बोगी. सहा आस, प्रत्येकी ५, जास्तीत जास्त ३० टनांचं इंजिन. पुढे मोकळी चाकं घालायची तर त्यांच्यावरही काही वजन टाकावं लागलं असतं, आणि ते वजन ओढीच्या कामाचं नाही. कॅलथ्रॉपनं ते वाचवलं.

वाघिणींचं तेच. चार आसांची लांब वाघीण, दाबून घडवलेल्या पोलादाची हलकी चौकट आणि बोग्या लीड्स फोर्ज कंपनीच्या. मापलेली तीच हद्द, भरून २० टन. भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळ न्यूले इथं चाचणीसाठी रूळ टाकून त्यानं हे सगळं लोकांना चालवून दाखवलं होतं.

कुर्डुवाडीकर

धागा वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय, एरवी मी नुसता वाचक.

माझे आजोबा कुर्डुवाडीच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. आमच्याकडे कुणी ‘नॅरोगेज’ म्हणत नसे. ‘लाइट’ म्हणायचे. ‘लाइटनं गेला’, ‘लाइट चुकली’. मी पाहिली ती इंजिनं मात्र टेंडरवाली २-८-२, पुढे एक छोटं चाक असलेली. ०-८-४ मी पाहिलेली नाही, आजोबांच्या बोलण्यातही ती ‘जुनी टाकीवाली’ एवढीच यायची.

पण एक गोष्ट सांगतो, ती या चर्चेत बसेल. लहानपणी आजोबांचा डबा घेऊन जायचो. एकदा ते एका चाकापाशी उकिडवे बसले होते. चाकाच्या आतल्या कडेची जी उभी धार असते, फ्लँज, तिच्यावरून अंगठा फिरवत होते. मला म्हणाले, हात लाव. मी लावला. धार एका अंगाला पातळ झाली होती आणि स्पर्शाला गुळगुळीत, आरशासारखी. मग दुसऱ्या चाकाला लावायला सांगितला, ती जाड आणि खरखरीत. म्हणाले, ‘हे पहिलं. वळणावर सगळ्यांना वाट हे दाखवतं, म्हणून हेच झिजतं.’ मग पत्र्याचं मापक लावून त्यांनी खडूनं चाकावर फुली मारली. फुली म्हणजे चाक लेथवर जाणार.

वाफाळ, तुमच्या ०-८-४ मध्ये पुढचं छोटं चाकच नाही. म्हणजे वाट दाखवायचं काम थेट पहिल्या जोडचाकावर. ते केवढं झिजत असेल?

वाफाळ

कुर्डुवाडीकर, अंगठ्याची गोष्ट वाचून फार बरं वाटलं. असं कुठल्या आराखड्यात सापडत नाही.

तुमचा मुद्दा अगदी बरोबर आहे, या मांडणीतलं दुखणं हेच. पुढचं मोकळं चाक वळणावर इंजिनाचं नाक हळूच आत वळवतं. ते नसलं की पहिल्या जोडचाकाची धार बाहेरच्या रुळावर घासत जाते. चाकही झिजतं, रूळही. शिवाय वेग वाढला की नाक डावी-उजवीकडे हलायला लागतं. उपाय करतात : काही आसांना आडवं सरकायला थोडी मोकळीक देतात, मधल्या चाकांना धारच ठेवत नाहीत. दुखणं कमी होतं, जात नाही. म्हणून ०-८-४ ही सावकाश चालणारी मांडणी. जोरात पळवायच्या कामाला ती कुणी घेतली नाही.

एक गंमत लक्षात घ्या. हे इंजिन उलटं धावतं तेव्हा ते ४-८-० होतं. बोगी पुढे येते आणि वाट दाखवते. म्हणजे एका दिशेला दुखणं, दुसऱ्या दिशेला औषध.

आसभार

मी रूळ-मार्गाच्या कामातला माणूस. नोकरीची वर्षं रुळापाशी गेली, त्यामुळे थोडं विरोधी मत नोंदवतो.

आसभार सारखा ठेवणं ही कॅलथ्रॉपची मोठी गोष्ट, वादच नाही. रुळाला सगळ्यात जास्त त्रास सरासरी भाराचा होत नाही, सगळ्यात जड आसाचा होतो. गाडीतले चाळीस आस हलके असले आणि इंजिनाचा एक जड असला, तर रूळ, स्लीपर, पूल सगळं त्या एका आसासाठी जाड करावं लागतं. त्या काळातल्या बऱ्याच छोट्या लाइनींचे पैसे इथेच बुडाले. इंजिन आणि वाघीण एका मापावर आणली की रुळाच्या प्रत्येक किलोचं काम वसूल होतं. हे १८९० च्या दशकात इतक्या शिस्तीनं करणं मला आजही थोर वाटतं.

पण पुढचं चाक काढायला नको होतं. कॅलथ्रॉपनं पुढे इंग्लंडात स्टॅफर्डशरमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड ही लाइन केली, १९०४ ची. रुंदी तीच अडीच फूट, इंजिनं बांधणारे तेच किटसन. तिथं मांडणी घेतली २-६-४. पुढे एक जोडी आली आणि एक जोडआस कमी झाला. माणसानं स्वतःच दुरुस्ती केली असं मी यातून वाचतो.

वाफाळ

आसभार, पहिल्या परिच्छेदाशी शंभर टक्के सहमत. दुसऱ्याशी नाही.

लीक अँड मॅनिफोल्डची लाइन आठ-साडेआठ मैलांची, नदीच्या खोऱ्यातून वळणं घेत जाणारी, आणि धंदा मुख्यतः दुधाचा व सहलीच्या लोकांचा. तिथं पावणेतीनशे टनांची गाडी ओढायचा प्रश्नच नव्हता, तीन जोडआस पुरले. बार्शीचा प्रदेश बराचसा मोकळा पठारी, आणि माल कापूस-धान्याचा. वळणं कमी आणि ओझं जास्त असेल तर चौथा जोडआस आधी, पुढचं चाक नंतर. मला ती दुरुस्ती वाटत नाही, दोन जागांसाठी दोन उत्तरं वाटतात.

हेही मान्य करतो की बार्शी लाइट पुढे वाढली, १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. पल्ला लांबला तसं टाकीतलं पाणी पुरेना झालं असणार आणि सावकाश चालणंही परवडेना झालं असणार. तिथं २-८-२ आणि टेंडर येणं ओघानंच आलं. कुर्डुवाडीकरांनी पाहिली ती हीच.

मृदुला_प

मी तांत्रिक बाजूची नाही, पण पंढरपूरचं नाव आलं म्हणून लिहिते. आमची आजी आषाढीला याच गाडीनं जायची. तिच्या तोंडून ऐकलेलं : गाडी चढावर इतकी हळू व्हायची की तरणी पोरं खाली उतरून सोबत चालायची आणि पुन्हा चढायची. डब्यात जागा नसली की टपावर माणसं. टाळ वाजत असायचे आणि इंजिनाचा ठेकाही त्याच्यातच मिसळायचा, असं ती सांगायची.

प्रश्न असा, की बार्शीशिवाय आणखी कुणी ही मांडणी वापरली का? आणि कशासाठी?

वाफाळ

मृदुलाताई, आजींची आठवण इथे लिहिलीत, फार छान केलंत.

हो, वापरली. आणि मला सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे, कारण तिथली कारणं बार्शीच्या अगदी उलट.

इंग्लंडात दक्षिण यॉर्कशरच्या कोळशाच्या पट्ट्यात वॉथ नावाचं गाव आहे. ग्रेट सेंट्रल रेल्वेनं तिथं १९०७ मध्ये प्रचंड मोठं यार्ड उघडलं. आजूबाजूच्या खाणींतून कोळशाच्या वाघिणी यायच्या आणि इथं वाटल्या जायच्या, ही या शहराला, ती त्या बंदराला. वाटायची रीत म्हणजे टेकाड. रूळ एका मातीच्या उंचवट्यावरून नेलेला. इंजिन मागून आख्खी गाडी ढकलत त्या उंचवट्यावर चढवतं, माथ्यावर वाघिणी सोडवतात, आणि त्या आपल्या वजनानं पलीकडे घरंगळत आपापल्या रुळावर जातात. खाली सांधेवाले सांधे बदलत असतात.

या कामात इंजिनाला काय हवं बघा. सातशे-आठशे टनांची गाडी, तीही चालत्या माणसाच्या वेगानं, न थांबता, न धक्का देता. वेग वाढला तर वाघिणी एकमेकींवर आदळणार, घसरला तर टेकाडावर गाडी अडकणार. जॉन रॉबिन्सन हे तिथले मुख्य यांत्रिक अभियंता. त्यांनी या कामासाठी ०-८-४ टाकीवालं इंजिन आखलं, तीन सिलिंडरचं. १९०७-०८ मध्ये बेयर पीकॉक कंपनीनं चार बांधली. वजन प्रत्येकी ९६ टनांच्या आसपास. बार्शीच्या ३० टनांशेजारी ठेवून पाहा! आकडे तेच, ०-८-४, आणि वजन तिप्पट.

तीन सिलिंडर का, तर दोन सिलिंडरच्या इंजिनात चाकाच्या एका फेरीत चार ठोके पडतात आणि दोन ठोक्यांच्या मधे ओढ कमी होते. अगदी हळू ढकलताना ती कमी-जास्त जाणवते आणि जास्तीच्या क्षणी चाक घसरतं. तीन सिलिंडरचे दांडे १२० अंशांवर बसवले की फेरीला सहा ठोके पडतात. ओढ जवळजवळ सारखी राहते. तिथली माणसं या इंजिनांना ‘वॉथ डेझी’ म्हणायची.

पुढे मोकळं चाक नसण्याचं दुखणं इथं जवळपास लागूच नाही. वेग नाही, म्हणून नाक हलत नाही. आणि मागच्या बोगीवर कोळसा-पाणी भरपूर मावतं, तासन्‌तास यार्ड सोडावं लागत नाही. १९३२ मध्ये एलएनईआरनं, म्हणजे ग्रेट सेंट्रल जिच्यात विलीन झाली त्या रेल्वेनं, आणखी दोन बांधली, आणि बोगीला बूस्टर म्हणजे छोटं जादा वाफयंत्र बसवलं, म्हणजे ती चार मोकळी चाकंही सुरुवातीला ढकलायला लागायची. ते पुढे काढून टाकलं.

गणूमास्तर

थांबा, म्हणजे बार्शीत आठ जोडचाकं घेतली ती रूळ नाजूक म्हणून, आणि वॉथला घेतली ती ओझं अवजड म्हणून?

वाफाळ

अगदी तेच. मी दोन परिच्छेद लिहिले ते तुम्ही एका ओळीत आणलंत.

तिसरं ठिकाण वेल्स. लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेची ॲबरगॅव्हनी ते मर्थर ही लाइन डोंगरातून जायची. क्लायडॅकच्या घळीत मैलोगणती ३८ ला १ असा चढ. कंपनीचे अभियंता बीम्स यांच्या आराखड्यावर क्रू गावातल्या कारखान्यात १९२३ मध्ये ३० इंजिनं बांधली, तोवर कंपनी एलएमएस या मोठ्या रेल्वेत विलीनही झाली होती. आधी त्यांच्याकडे ०-८-२ होतं. मागे एकाऐवजी दोन आस दिले आणि कोळशाची पेटी मोठी केली, एवढाच मुख्य बदल. डोंगरात दोन्ही दिशांना धावायचं, वर चढताना ओढ हवी, उतरताना ब्रेकला वजन हवं. तिथं टाकीवालं इंजिन शोभतं.

या तिसऱ्या ठिकाणी मात्र आसभार यांचं म्हणणं खरं ठरतं. डोंगरात वळणं, आणि वळणांवर लांब ताठ जोडचाकं. यार्डात आणि पठारावर जे खपलं ते डोंगरात जड गेलं.

आसभार

वेल्सबद्दल माझ्या बाजूनं बोललात, आभार. बार्शीबद्दल मी माझं मत राखून ठेवतो, पण तुमचा पठार आणि वळणांचा मुद्दा वजनदार आहे. खरं तर निवाडा एकाच गोष्टीनं होईल. त्या काळातल्या वर्कशॉपच्या चाक-लेथच्या वह्या मिळाल्या तर पहिल्या जोडचाकाचं टायर, म्हणजे बाहेरचं पोलादी कडं, किती महिन्यांनी लेथवर जायचं ते दिसेल.

एक भर घालतो. टाकीवाल्या इंजिनाचं आणखी एक लक्षण : पाणी संपत जातं तसं जोडचाकांवरचं वजन घटतं आणि चाक घसरायला लागतं. म्हणजे सगळ्यात अवघड चढ शेवटी असेल तर ड्रायव्हरची परीक्षा. रुळावर वाळू टाकायची पेटी त्यासाठीच. टाक्या कुठे ठेवल्या आणि पाण्याचा किती भाग मागच्या बोगीवर पडतो यावर बरंच अवलंबून. हाच हिशेब ५ टनांच्या मर्यादेत, भरलेल्या आणि रिकाम्या टाकीसकट जमवायचा, हे वाटतं तितकं सोपं नाही. आराखडा करणाऱ्याला माझा नमस्कार.

नेरळवाला

वळणांचं बोलणं निघालंय तर आमच्या माथेरानचं इंजिन आठवल्याशिवाय राहवत नाही. १९०७ ची लाइन, दोन फुटी, वळणं अशी की गाडीचं शेपूट खिडकीतून दिसतं. तिथं पुढेही शून्य, मागेही शून्य, ०-६-०. जर्मनीतल्या ओरेनस्टाइन अँड कोपेलनं बांधलं. मोकळं चाक नाही, तरी वळतं. कारण टोकाच्या चाकांचा आस पोकळ आहे, आणि त्याच्या आत दुसरा भरीव आस, मधोमध गोळ्याच्या सांध्यावर जोडलेला. आतला ताठ राहतो, बाहेरचा पोकळ आस चाकांसकट वळणाप्रमाणे कलतो. क्लीन-लिंडनर आस म्हणतात त्याला. दुखणं एकच, पण औषध वेगळं.

वाफाळ

वा, नेरळवाला, यावर वेगळा धागा काढाच. मी वाट बघतोय.

कॅलथ्रॉपबद्दल दोन ओळी राहिल्या होत्या. हा माणूस नुसता रेल्वेत रमला नाही. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर पुस्तक लिहिलं, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात वैमानिकांसाठी ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं. १९२७ मध्ये वारला, त्याच वर्षी बार्शी लाइट मिरजेला पोचली. १९५४ मध्ये सरकारनं लाइन विकत घेतली, आणि आता सगळा मार्ग रुंद झालाय. ५ टनांच्या जागी आज वीसहून जास्त टनांचा आस त्याच गावांवरून जातो.

वॉथची आणि वेल्सची ०-८-४ सगळी भंगारात गेली, एकही जपलेली नाही. फोटो आणि आराखडे तेवढे उरलेत.

कुर्डुवाडीकर

आसभार साहेब, लेथच्या वह्यांचं तुम्ही लिहिलंत म्हणून काल घरात आजोबांची ट्रंक काढली. वही नाही मिळाली. पण तळाशी फडक्यात गुंडाळलेलं ते मापक सापडलं, फ्लँज मोजायचं. पत्रा काळा पडलाय, एका खाचेची कड घासून चकचकीत झालीय. फोटो काढून उद्या इथे टाकतो. त्याच्यावर काही आकडे कोरलेत, मला उलगडले नाहीत. तुम्ही बघून सांगा.

आसभार

जरूर टाका. दोन्ही बाजूंचे फोटो घ्या, आणि शेजारी पट्टी ठेवा म्हणजे माप कळेल. खाचेचा फोटो जवळून आणि उजेडात घ्या, तिरपा नको.